गवत कापलं म्हणून तुरुंग

आज गवताबद्दल बोलू. हो, गवतच.

१९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं आणि देशभर मिठाचा कायदा मोडणं सुरू झालं. आता यवतमाळात समुद्र कुठून आणायचा? पण जंगल होतं. आणि १९२७चा वन कायदा होता, ज्यात राखीव जंगलातून परवानगीशिवाय गवत कापणं, गुरं चारणं गुन्हा. गावची गुरं ज्या गवतावर जगायची, त्याचीच चोरी! (हा कायदा, दुरुस्त्यांसह, आजही लागू आहे बरं का.)

तर १० जुलै १९३०ला वणीत जन्मलेले बापूजी अणे पुसदच्या राखीव जंगलात गेले, गवत कापलं, पकडले गेले. सहा महिने शिक्षा. अकरा दिवसांनी यवतमाळजवळ संघाचे संस्थापक डॉ. हेडगेवारांनीही तोच कायदा मोडला, त्यांना नऊ महिने. आज दोघांचं नाव घेणारे वेगळे आहेत, पण त्या पावसाळ्यात गुन्हा एकच होता.

बापूजी पुढे बिहारचे राज्यपाल झाले, पद्मविभूषण मिळालं. चौकातल्या पाट्यांना पदं लिहायला आवडतात. विळा कोणी कोरत नाही. आणि त्यांच्यामागे जंगलात गेलेल्या शेतकऱ्यांचं काय? रायगडात चिरनेरला त्याच वर्षी २५ सप्टेंबरला जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. तिथे हुतात्म्यांचं स्मारक आहे. मेलेल्याचं नाव दगडावर जातं. तुरुंग भोगून परत वखर धरणाऱ्याचं जाईलच असं नाही.

त्याला एक जागा मात्र आहे. स्वातंत्र्याच्या पंचविशीला, १९७२-७३च्या सुमारास, तालुक्याच्या ठिकाणी स्मृतिस्तंभ उभे राहिले, त्यांच्यावर स्थानिक स्वातंत्र्यसैनिकांची नावं कोरलेली असतात. आपण त्याला गाडी टेकवून चहा पितो. वर ऑइलपेंटचे थर, खाली खर्रा थुंकलेला.

हे माझ्या धंद्यातलं सांगतो: कोरलेली, रंगानं बुजलेली देवनागरी फोनच्या ॲपला धड वाचता येत नाही. फोटो सकाळी किंवा उन्हं कलल्यावर काढा, तिरप्या प्रकाशात अक्षरांच्या खाचा उठून दिसतात. ढगाळ असेल तर मित्राला बाजूनं टॉर्च धरायला लावा. मग नावं हातानं टाइप करा, गावासकट. अक्षर लागलं नाही तर प्रश्नचिन्ह टाका, अंदाज नको. मग ती यादी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा, आणि ते बोलायला लागले की रेकॉर्डिंग चालू ठेवा.