पशुवैद्यकाची पूर्वतयारी



“मुलीला पशुवैद्य व्हायचे आहे; आधी बी.एस्सी. करून घ्यावे काय?” जबलपुरातील मराठी घरांतून हा प्रश्न मजकडे वरचेवर येतो. अमेरिकेत तसा प्रघात आहे खरा. तेथील विद्यार्थी बहुधा आधी पदवी घेतात व मग पशुवैद्यकाकडे वळतात. आपल्याकडे हा अभ्यासक्रम बारावीनंतर लगेच सुरू होतो आणि वर्षभराच्या प्रत्यक्ष उमेदवारीसह साडेपाच वर्षे चालतो. तेव्हा बी.एस्सी.त वर्षे घालविण्याचे कारण नाही.

परंतु याचाच दुसरा अर्थ असा की, खरी निवड अकरावीच्या उंबरठ्यावर, कोवळ्या वयातच करावी लागते. भौतिकी, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय हवेतच. गणिताच्या हौसेने ज्याने जीवशास्त्र सोडले, त्याने हे दार बहुतेक आपल्याच हाताने लावून घेतले. रसायनाकडेही मुले केवळ गुणांपुरती पाहतात. आपण तापावर घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या जिवावर बेतते, कारण त्याच्या यकृताला ते द्रव्य नीट पचविता येत नाही. माणसाचे औषध प्रमाण घटवून जनावराला दिले की झाले, हा समज रसायनाच्या वर्गातच गळून पडावयास हवा.

जबलपूरचे महाविद्यालय १९४८ सालचे. तेव्हा या प्रांताची राजधानी नागपूर होती. पण नागपुरास असे महाविद्यालय १९५८ साली लाभले. आज जबलपूरची ही संस्था नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विश्वविद्यालयात मोडते, आणि वन्यप्राण्यांच्या आरोग्याचे व न्यायवैद्यकाचे स्वतंत्र केंद्रही या विद्यापीठात आहे. कान्हाचे अरण्य जवळ असता ते योग्यच म्हणावयाचे.

मला काळजी वाटते ती निराळीच. ‘नीट’ परीक्षेत वैद्यकीय प्रवेश हुकला, म्हणून इकडे वळणारी मुले थोडी नाहीत. त्यांतील कित्येक पुढे रमतात. काही मात्र गोठ्यात उभे राहूनही मनाने इस्पितळातच असतात. दुखणे कोठे आहे हे गाय सांगत नाही. ते तिच्या रवंथावरून, शेणावरून आणि धन्याच्या बुंदेली बोलीतून उमजून घ्यावे लागते. म्हणून विचारणाऱ्या आईबापांना मी इतकेच सांगतो : अर्ज भरण्यापूर्वी एका सुटीत मुलीला पंधरा दिवस पहाटे एखाद्या गवळ्याच्या गोठ्यावर पाठवा. सोळाव्या दिवशी ती आपण होऊन उठते काय, ते पाहा.