ट्रंकेतली पत्रकं



दिवाळी सरते, धान कापणीला येतं आणि आमच्या वडशाच्या रस्त्यावरची गर्दी बदलते. खेड्यापाड्यांतून मंडळाची माणसं येतात. नाटक कंपन्यांच्या कार्यालयांपुढे थांबतात, दारावरचे फलक वाचतात, यंदा कोणत्या कंपनीत कोण कलावंत आहे ते बघतात, तारीख धरतात, बयाणा देतात. होळीपर्यंत हे असंच चालतं. झाडीपट्टी रंगभूमीची ही पेठ. २०२३ साली इथले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा ती याच रंगभूमीच्या वाट्याला आली, असं इथल्या प्रत्येकाला वाटलं. या पेठेतून एक कागद गावोगाव जातो. आज मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे. नाटकाचं पत्रक.

गुलाबी नाहीतर पिवळा, हाताला खरखरीत लागणारा कागद. वर देवाचं नाव, त्याखाली शंकरपटाचं किंवा मंडईचं निमित्त, मग ठळक अक्षरांत नाटक, खाली कलावंत आणि तिकिटाचे दर. खुर्चीचा वेगळा, जमिनीचा वेगळा. नाटक रात्री उशिरा उभं राहतं ते पार उजाडेपर्यंत. सकाळी तोच कागद कुणाच्या चिवड्याची पुडी होतो, कुणाच्या चुलीत जातो. मी मात्र शाळेत असल्यापासून पत्रकं लोखंडी ट्रंकेत ठेवत आलो. आई विचारायची, "काहाले ठेवतस रे हा कचरा?" तेव्हा मला उत्तर देता येत नसे.

आता देता येतं. ट्रंकेत एक गुलाबी पत्रक आहे. त्यावर छापलंय, 'रविवार, दि. १७ जानेवारी'. साल नाही. बहुतेक पत्रकांवर नसतंच, कारण ती त्या आठवड्यापुरती छापलेली. पण खाली गावाच्या नावापुढे 'जि. चंद्रपूर' आहे. ते गाव आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. तो जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला, म्हणजे पत्रक त्याच्या आधीचं. मग मी जुनी कॅलेंडरं मांडली. १७ जानेवारीला रविवार १९७१ मध्ये येतो आणि १९८२ मध्ये. दोन्हीतलं कोणतं? कागद पुढे काही बोलेना.

ते सांगितलं थोरल्या बहिणीनं. पत्रक हातात घेतलं आणि ती एकदम गप्प झाली. आमच्याकडे नाटकाच्या रात्री गावात घरोघरी पाहुणे असतात, त्यात सोयरिकी जुळतात, हे झाडीतल्या श्रोत्यांना सांगायला नको. तिला बघायला पाहुणे आले ते याच नाटकाच्या निमित्तानं. पाहुण्यांच्या बाया तिच्याच चटईवर बसल्या होत्या. दुसऱ्या अंकाला थंडी वाढली, तेव्हा होणाऱ्या सासूनं आपली चादर तिच्या अंगावर टाकली. लग्न त्याच उन्हाळ्यात झालं, १९८२ च्या. म्हणजे साल सापडलं. पत्रकावर त्या चादरीचा उल्लेख असणं शक्य नव्हतं. आणि पत्रक नसतं तर बहिणीनंही ती गोष्ट आम्हाला कधी सांगितली नसती. मी त्याच दिवशी पत्रकाच्या पाठीवर पेन्सिलीनं सगळं लिहून ठेवलं.

जिल्ह्याचं नाव, निमित्त, दर अशा बारक्या गोष्टी पत्रक नकळत जपून ठेवतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानं शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला त्यांची परवानगी परत मिळाली. माझ्या ट्रंकेतल्या मधल्या वर्षांच्या पत्रकांवर 'शंकरपटानिमित्त' हा शब्द नाही. नाटक आहे, पण पट नाही. ज्यांनी ती वर्षं पाहिली, त्यांना त्या एका गाळलेल्या शब्दाचं दुःख कळेल.

ट्रंकेत आणखीही काही आहे. धान मोजायची लाकडी पायली आहे. छोट्या गाडीची पुठ्ठ्याची दोन तिकिटं आहेत. नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले आणि अडीच फुटांच्या रुळांवरून वडशाला येणारी गाडी गेली. तिची इंजिनं नागपूरला मोतीबागच्या संग्रहालयात जाऊन बघता येतात. इंजिन सरकार ठेवतं, तिकीट मात्र आपण ठेवलं तरच राहतं. पुण्यात दिनकर केळकरांनी हेच ओळखलं होतं. लोकांच्या घरातले दिवे, अडकित्ते, दौती, फण्या ते १९२० च्या सुमारापासून जमवत राहिले, अकाली गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्या संग्रहाला दिलं आणि १९७५ साली सगळं शासनाच्या स्वाधीन केलं. त्या फण्यांनी कुणाचे तरी केस विंचरले होते, म्हणून त्या मला तलवारींपेक्षा मोलाच्या वाटतात.

आमच्या भागात कागदाचे वैरी दोन, वाळवी आणि ओल. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. अशा वेळी माणसं धान आणि गुरं वाचवतात, आणि तेच बरोबर आहे. म्हणून कागद आधीपासूनच उंचावर असावेत. घडी करून ठेवू नका, घडीवरच कागद आधी फाटतो. चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरं खाते. ट्रंकेत कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका, पावसाळा संपला की ट्रंक एक दिवस उघडून सावलीत हवा द्या.

पण याहून महत्त्वाचं आहे ते लिहिणं. माझ्याकडे तीसेक पत्रकं अशी आहेत की ज्यांची रात्र आता कुणालाच आठवत नाही. ज्यांना आठवली असती ती माणसं गेली, मी विचारायला उशीर केला. ती पत्रकं मी फेकणार नाही, पण ती मुकी आहेत.

तेव्हा श्रोतेहो, एक विनंती. यंदाच्या हंगामातलं पहिलं पत्रक हातात पडेल ते ठेवून द्या. त्याच्या पाठीवर साल घाला, कुणासोबत नाटकाला गेलात ते लिहा. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर एखादं जुनं पत्रक, जुनं तिकीट, जुनी पायली आज रात्रीच त्यांच्या हातात द्या आणि शेजारी बसा.