पेसमेकर बसविलेल्या रुग्णाचा कार्डिओग्राम



हृदयाचे ठोके फार मंदावले किंवा मध्येच खंडित होऊ लागले म्हणजे विजेचा सूक्ष्म धक्का देऊन हृदय चालते ठेवणारे यंत्र म्हणजे पेसमेकर. संपूर्णपणे शरीरात बसविलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील स्टॉकहोम येथे शल्यविशारद ओके सेनिंग यांनी बसविला. अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी तो तयार केला होता. आज असे रुग्ण खेड्यापाड्यांतही आढळतात. त्यांच्यापैकी कोणाच्या छातीत दुखू लागल्यास प्रथम कार्डिओग्राम काढला जातो. परंतु तो इतरांच्या कार्डिओग्रामप्रमाणे वाचून चालत नाही.

पेसमेकरने धक्का दिला की कागदावर बारीक उभी रेघ उमटते व तिच्या पाठोपाठ ठोक्याची आकृती येते. यंत्राची तार बहुधा हृदयाच्या उजव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात असते. त्यामुळे विजेची लहर नैसर्गिक मार्गाने न जाता स्नायूंतून सावकाश पसरते आणि आकृती रुंद होते. ही रुंदी सामान्यतः ३ लहान चौकोन, म्हणजे ०.१२ सेकंद, किंवा त्याहून अधिक भरते. आकृतीनंतरचा भागही तिच्या उलट दिशेस झुकतो. हे पाहून झटका आला नसतानाही तो आल्याचा भास होतो. उलटपक्षी, खरा झटका याच बदलांखाली झाकला जाण्याचा संभव असतो.

रेघ दिसली नाही म्हणजे यंत्र बंद पडले, असेही नव्हे. हृदय स्वतःहून पुरेशा गतीने चालत असता यंत्र स्वस्थ राहते. शिवाय आधुनिक तारांची रेघ पुष्कळदा अगदी लहान उमटते. मात्र रेघ आहे पण तिच्यामागून ठोका नाही, नाडी मंद आहे व रुग्णास भोवळ येते, ही स्थिती गंभीर समजावी.

यास्तव रुग्णाने पेसमेकरचे कार्ड व जुना कार्डिओग्राम सदैव जवळ बाळगावा आणि तपासणीपूर्वी ते दाखवावेत. डॉक्टरांनी नवा कार्डिओग्राम जुन्याशी ताडून पाहावा. यंत्राने आपोआप छापलेल्या निदानावर विसंबू नये. छातीत दुखणे, घाम सुटणे वा दम लागणे ही लक्षणे असल्यास, आलेख पूर्वीसारखाच दिसला तरी रुग्णास घरी न पाठविता विनाविलंब मोठ्या रुग्णालयात हलवावे. ही माहिती शिक्षक व ग्रामसेवक यांनी अशा रुग्णांच्या घरच्या मंडळींपर्यंत अवश्य पोहोचवावी.