पडद्यावर लिहिणारा हात एकच

आगगाडीच्या तिकिटासाठीं मोबाईलवरील बटण दाबावें आणि सारा पडदाच थिजून जावा, हा अनुभव श्रोत्यांपैकीं पुष्कळांना आला असेल. पडद्यावरील बटणें, मजकूर, चित्रें यांची सारी देखरेख प्रोग्रॅममधील एकाच कार्यप्रवाहाकडे असते. त्यास मुख्य थ्रेड म्हणतात. तोच दूरच्या यंत्राच्या उत्तराची वाट पाहत बसला, तर बोटाच्या स्पर्शाची दखल कोण घेणार? अँड्रॉइडमध्यें ५ सेकंदांत ती घेतली गेली नाहीं, कीं प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाहीं असें ठरतें. म्हणून वेळखाऊ काम पार्श्वभूमींतील दुसऱ्या थ्रेडवर सोंपवितात.

खरी मेख येथेंच आहे. काम झाल्यावर या दुसऱ्या थ्रेडनें पडद्यावर परस्पर लिहूं नये. एकाच खतावणींत दोन कारकुनांनीं एकदम लेखणी चालविली तर जी गत होईल, तीच येथें होते. शिवाय ही चूक मोठी लबाड असते. परीक्षेच्या वेळीं ती निमूट राहते आणि ऐन कामाच्या वेळीं घात करते.

मग कुलुपें लावून दोघांनाही आळीपाळीनें लिहूं कां देऊं नये? जावा भाषेच्या कामांतील तज्ज्ञ ग्रॅहम हॅमिल्टन यांनीं २००४ सालीं त्यांतील अडचण दाखविली. स्पर्शाची वर्दी यंत्रणेकडून वर प्रोग्रॅमकडे चढते; प्रोग्रॅमची आज्ञा वरून खालीं उतरते. दोन्ही बाजूंनीं कुलुपें घेत निघालेले थ्रेड मध्येंच एकमेकांसाठीं अडून बसतात.

यावर उपाय चिठ्ठीचा. दुसऱ्या थ्रेडनें मुख्य थ्रेडच्या रांगेंत निरोप टाकावा. पाळी येतांच मुख्य थ्रेड तो स्वतः पडद्यावर उतरवितो. विंडोज फॉर्म्समध्यें ‘इन्व्होक’ व ‘बिगिनइन्व्होक’ अशा दोन आज्ञा यासाठीं आहेत. पहिली आज्ञा देणारा काम पुरें होईपर्यंत थांबतो. दुसरी देणारा चिठ्ठी टाकून पुढें जातो. मुख्य थ्रेड जर पार्श्वभूमींतील कामाचीच वाट पाहत असेल, तर पहिल्या आज्ञेनें दोघेही कायमचे अडकतात.

चिठ्ठी मात्र लहान असावी. तींत लांबलचक काम घातलें, तर पडदा पुन्हां थिजेल. आणि पाळी येईपर्यंत खिडकीच बंद झाली असेल, तर तें आधीं पाहूनच चिठ्ठी वाचावी. एवढें सांभाळलें, कीं तिकिटाचें उत्तर येईपर्यंत ‘रद्द करा’ हें बटणही बोटाखालीं जागें राहतें.