दार उघडं ठेवा

(नागपुरात आई-वडील आणि त्यांची अकरावी ते कॉलेजच्या वयातली मुलं-मुली यांच्या एकत्र मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



सकाळी आल्या आल्या आम्ही तुमच्याकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या. नाव लिहायचं नव्हतं. पालकांना एकच प्रश्न होता: तुमच्या मुलीनं दुसऱ्या जातीतला मुलगा पसंत केला तर? मुलांना दोन होते: तुम्ही जातीबाहेर लग्न कराल का? आणि तुमच्या बहिणीनं केलं तर? चहाच्या वेळात मी त्या वाचून काढल्या. हे काही सर्वेक्षण नाही, मला टक्के काढायचे नाहीत. पण चिठ्ठ्या बोलतात.

पालकांपैकी "आम्ही जात मानतो" असं कुणीच लिहिलेलं नाही. सगळ्यांची सुरुवात एकच आहे: आमची हरकत नाही. मग येतो 'पण'. पण नातेवाईक काय म्हणतील. पण धाकटीचं लग्न व्हायचं आहे. पण मुलगा निदान आपल्या बरोबरीच्या जातीतला असावा. एका आईनं लिहिलंय, "माझं काही नाही जी, तिच्या बाबाले कोण सांगन?" मला ही चिठ्ठी सगळ्यात खरी वाटली. जात मोडायची झाली तर सगळ्यात आधी त्या बाईला आपल्या नवऱ्यासमोर तोंड उघडावं लागणार आहे, आणि ते तिला ठाऊक आहे.

आता मुलांचं ऐका. पहिल्या प्रश्नाला बऱ्याच पोरांनी जोरात 'हो' लिहिलं आहे. दुसऱ्या प्रश्नापाशी त्यांचंच पेन अडखळलं. "बहिणीचं वेगळं असतं." "तिला समजत नाही, कुणीही फसवेल." एकानं नुसतं लिहिलं, "नाही." आणि मुलींनी? त्यांनी स्वतःबद्दलच्या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' लिहिलंच नाही. त्यांनी लिहिलंय, "आई-बाबा हो म्हणाले तर."

म्हणजे बघा, जात मुलाला जेवढी बांधते त्यापेक्षा मुलीला जास्त बांधते. हे आजचं नाही. १९१६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तिथं त्यांनी जातीवर एक निबंध वाचला. जातीचं मूळ त्यांनी जातीतल्या जातीत लग्न करण्यात दाखवलं. आणि ही कुंपणं टिकवायची तर बाईवर ताबा हवा, म्हणून सती, विधवेवरची सक्ती आणि बालविवाह या प्रथा आल्या, अशी त्यांनी मांडणी केली. पंचवीस वर्षांचा विद्यार्थी हे सांगत होता. आज सती नाही, विधवेचं केशवपन नाही. पण मुलीचा मोबाइल तपासणं आहे. कॉलेजला सोडायला आणि आणायला भाऊ आहे. बारावी झाली की घाईघाईनं स्थळ पाहणं आहे. कुंपण तेच आहे, तार तेवढी बदलली.

आपल्या नागपुरात ही तार किती बारीक आहे ते तुम्हाला सांगायला नको. परिचय मेळाव्यांच्या पुस्तिका घरोघरी आहेत. कुणबी असून भागत नाही, तिरळे की झाडे की खैरे की धनोजे ते विचारतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात लाखो लोकांनी बाबासाहेबांबरोबर जुना धर्म सोडला, त्यांच्यापैकी काहींच्या घरात आजही सोयरीक करताना जुनी पोटजात हळूच विचारली जाते. हे मी कुणाला हिणवायला सांगत नाही. सगळ्यांच्या घरात कुंपण आहे, एवढंच म्हणते. देशपातळीवर २०११-१२ साली झालेल्या मानव विकास सर्वेक्षणात जातीबाहेरची लग्नं शंभरात जेमतेम पाच निघाली होती. शिक्षण वाढलं, शहरं वाढली, पण हा आकडा काही त्या वेगानं हलला नाही.

आपल्या शहरातली एक गोष्ट मुलींना माहीत असावी. कुमुद पावडे यांचं नाव किती जणींनी ऐकलंय? लग्नाआधीच्या कुमुद सोमकुवर. अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्म, आणि शिकल्या संस्कृत. एम.ए. झाल्या, पण नोकरी मिळेना. पुढं त्यांनी मोतीराम पावडे यांच्याशी आंतरजातीय लग्न केलं. आडनाव बदललं आणि मग संस्कृत शिकवायची नोकरी मिळाली. 'अंतःस्फोट' या १९८१ च्या पुस्तकात त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. नोकरी कुणाला मिळाली, कुमुदला की पावडे या आडनावाला, हा प्रश्न त्यांना शेवटपर्यंत टोचत राहिला. मैत्रिणींनो, आंतरजातीय लग्नानं जात संपते असं सरसकट म्हणू नका. कधी कधी बाईची जात फक्त झाकली जाते. लग्नानंतर दलित सुनेला स्वयंपाकघराच्या दारात थांबवणारी सासरं आजही आहेत. आणि हुंडा घेणारे प्रेमविवाहही मी पाहिले आहेत.

मग बाबासाहेबांनी काय सांगितलं? १९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या भाषणात त्यांनी जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून मिश्र विवाहाकडे बोट दाखवलं. ते भाषण त्यांना करू दिलं गेलं नाही, परिषदच रद्द झाली. आणि २० जुलै १९४२ ला, आपल्या नागपुरात, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली, तिथं हजारो बायांसमोर ते बोलले. लग्नाची घाई करू नका, पोरांवर लग्न लादू नका, आणि बायकोनं नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची होऊन उभं राहावं, गुलाम होऊ नये, असा त्या बोलण्याचा गाभा होता. जात मोडा आणि घाई करू नका, या दोन्ही गोष्टी एकाच माणसानं सांगितल्या आहेत. आज मला दोन्ही सांगायच्या आहेत. पहिली पालकांना, दुसरी मुलांना.

आधी मुलांना. तुम्ही 'सैराट' पाहिला असेल. २०१६ चा तो सिनेमा पाहून पुष्कळांनी पहिल्या भागातली गाणी लक्षात ठेवली, शेवट विसरले. सिनेमाच्या दोन वर्षं आधी, २०१४ साली, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात खर्डा गावी सतरा वर्षांच्या एका दलित मुलाचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरून मारल्याचा आरोप होता. २०१७ मध्ये सत्र न्यायालयात सगळे आरोपी निर्दोष सुटले. तेव्हा धोका खरा आहे, आणि तो वाटण्यातही जात आहे. जीव बहुतेक वेळा खालच्या मानलेल्या जातीतल्या पोराचा जातो, नाहीतर मुलीचा.

म्हणून कायदा नीट समजून घ्या. लग्नाचं वय मुलीला १८ आणि मुलाला २१ आहे. मुलीचं वय २१ करायचं विधेयक २०२१ साली संसदेत आलं होतं, पण २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळलं. अठराच्या आतल्या मुलीची संमती २०१२ च्या पॉक्सो कायद्यात धरली जात नाही. सोळा-सतराव्या वर्षी पळून गेलात तर पोरगा तुरुंगात जाऊ शकतो, मुलगी बालगृहात, आणि दोघांची परीक्षा बुडते ती वेगळीच. तुमचं प्रेम खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते खरं असेल तर दोन-तीन वर्षं थांबेल. तेवढ्यात शिका, हाताला काम मिळवा, मुलींनी स्वतःच्या नावाचं बँकखातं काढा.

वय झाल्यावर रस्ता सरळ आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे आणि त्यात जातीची आडकाठी नाही. धर्म वेगळा असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात तीस दिवसांची नोटीस लागते, तीन साक्षीदार लागतात. 'आम्हाला पसंत नाही' हे त्या नोटिशीवरचं कायदेशीर कारण होत नाही. सज्ञान माणसानं कुणाशी लग्न करावं ही त्याची मर्जी, हे सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये लता सिंग खटल्यात सांगितलं. २०१८ मध्ये शक्तीवाहिनी खटल्यात अशा जोडप्यांना संरक्षण द्यायची जबाबदारी पोलिसांवर टाकली. जातपंचायतीनं वाळीत टाकलं तर त्याविरुद्ध आपल्या राज्यात २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. बाईला वकिलाची मदत फुकट मिळते, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.

आता पालकांनो, तुमच्याकडे येते. तुमची भीती खोटी नाही, हे आधी मान्य करते. धाकटीचं स्थळ मोडतं. मयतीला भाऊबंद येत नाहीत. पण दुसऱ्या बाजूलाही काय होतं ते आमच्या सल्ला केंद्रात बसून बघा. एक बाई आमच्याकडे आली. तिनं आपल्या मर्जीनं जातीबाहेर लग्न केलं होतं. दुसऱ्या वर्षापासून मार सुरू झाला. ती सहा वर्षं बोलली नाही. मी विचारलं, माहेरी का नाही गेलीस? म्हणाली, "कोणत्या तोंडानं जाऊ ताई? आईनं निघताना सांगितलं होतं, आम्हाले तू मेली." तिच्या जातीत ठरवून दिलेल्या बहिणीलाही नवरा मारत होता. ती बहीण मात्र दर दिवाळीला माहेरी येत होती, चार दिवस श्वास घेत होती. एकाच आईच्या दोन लेकी. मारणाऱ्याला कोणत्या बाईच्या पाठीमागं कुणी नाही हे बरोबर कळतं. दार बंद करून तुम्ही जातीची अब्रू राखली असं समजता, प्रत्यक्षात मारणाऱ्याचा हात मोकळा करता.

सरकारलाही ही तुटलेली माहेरं दिसली. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारनं आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्न केलेल्या मुलींची माहिती घ्यायला एक समन्वय समिती नेमली. दोन दिवसांत त्यातून आंतरजातीय हा शब्द वगळला, आंतरधर्मीय तेवढं ठेवलं. एकीकडे हेच सरकार जोडीदारांपैकी एक मागास प्रवर्गातला असेल तर आंतरजातीय लग्नाला पन्नास हजार रुपये मदत देतं. दुसरीकडे सज्ञान बाईची खबर काढायला समिती. मला विचाराल तर तुटलेलं माहेर जोडायला समिती नको, आईचा एक फोन पुरे.

माणसं बदलत नाहीत असं म्हणू नका. गांधीजी एके काळी जातीबाहेरच्या लग्नांच्या बाजूनं नव्हते. शेवटच्या वर्षांत आपल्या शेजारच्या सेवाग्राममध्ये त्यांनी ठरवलं, वर-वधूंपैकी एक तेव्हाच्या भाषेत हरिजन असेल तरच इथं लग्न लागेल. सत्तरी ओलांडलेला म्हातारा बदलू शकतो, आपण तर चाळिशी-पन्नाशीतले आहोत.

जाता जाता माझंच सांगते, नाहीतर हे भाषणच राहील. माझी मुलगी सतरा वर्षांची असताना तिनं मला विचारलं, "आई, तू सभेत सांगतेस ते माझ्यासाठी पण आहे का?" मी पोळ्या लाटत होते. मी म्हणाले, "आधी बारावी कर." ते उत्तर नव्हतं. माझ्या चिठ्ठीवरचा तो 'पण' होता. त्या दिवसानंतर तिनं मला बरेच दिवस काही सांगितलं नाही. आई 'नाही' म्हणाली तर मुलगी भांडते, रडते. आईनं टाळलं तर ती सांगणंच थांबवते, आणि मग तिचा सल्लागार कोण होईल ते आपल्या हातात राहत नाही. मी तिला उत्तर दिलं, पण वर्षभर उशिरानं.

म्हणून आज घरी गेल्यावर एवढं करा. लग्नाचा विषय नसतानाच मुलीला सांगा: "तू कुणाशीही लग्न केलंस, ते चुकलं तरी, हे घर तुझं आहे." मुलाला सांगा: "बहिणीची राखण करू नको, तिच्या पाठीशी राहा." आणि ज्या आईनं "तिच्या बाबाले कोण सांगन" असं लिहिलं, तिला मी म्हणते, तू एकटीनं सांगू नको. पुढच्या बैठकीला त्यांना घेऊन ये. आपण सगळ्याजणी मिळून सांगू.