रक्तातील खूण आणि रोगाची वाट



जोयडा तालुक्यातील दिग्गी हे सह्याद्रीच्या कुशीतले, गोव्याच्या सीमेलगतचे लहानसे गाव. याच परिसरात काळी नदी उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटरचा प्रवास करून कारवारजवळ समुद्रास मिळते. घाटातल्या ओढ्याला गढूळ पाणी आले की वर पाऊस झाला, हे खालच्या वाडीला न पाहताच कळते. शरीरातील रक्तप्रवाहही असाच दूरची वार्ता आणीत असतो.

लसिकाग्रंथींच्या कर्करोगास वैद्यकात ‘लिम्फोमा’ म्हणतात. त्यांतील काही प्रकारांशी एका विषाणूचे नाते आहे. युगांडातील मुलांच्या जबड्यावर वाढणाऱ्या गाठींचा अभ्यास डेनिस बर्किट या शल्यविशारदाने केला. त्याचे १९६१ मधील व्याख्यान लंडनमध्ये अँथनी एप्स्टाइन यांनी ऐकले, आणि १९६४ मध्ये एप्स्टाइन, अचाँग व इव्हॉन बार यांनी त्या गाठीच्या पेशींत विषाणू दाखवून दिला. एका व्याख्यानातून एवढे मोठे संशोधन उभे राहिले, ही गोष्ट व्याख्यानमाला चालविणाऱ्या संस्थांनी अभिमानाने स्मरावी अशी आहे.

हा ‘एप्स्टाइन-बार’ विषाणू दुर्मीळ नाही. जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो निमूटपणे वास करतो. त्यामुळे तो शरीरात आहे, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. अर्थ आहे तो, तो कोठे आणि किती सापडतो याला. गाठीतील विषाणूबाधित पेशी मरतात तेव्हा विषाणूच्या डीएनएचे तुकडे रक्तद्रवात उतरतात. ‘पीसीआर’ या तंत्राने ते मोजता येतात. १९९९ मध्ये हाँगकाँगचे डेनिस लो व सहकाऱ्यांनी नाक-घशाच्या कर्करोगात हे मापन उपयोगी ठरते, असे दाखविले. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेतील कनाक्री, अँबिंडर प्रभृतींनी हॉजकिन लिम्फोमाच्या रुग्णांत हेच पाहिले. उपचारापूर्वी रक्तद्रवात हा डीएनए आढळला, किंवा सहाव्या महिन्यातही तो उरला, तर रोग पुन्हा उलटण्याचा धोका अधिक दिसला. नाकातील ‘एन-के/टी’ लिम्फोमातही उपचारान्ती हा डीएनए नाहीसा होणे हे शुभचिन्ह मानले जाते.

येथे एक विवेक राखावा लागतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातून २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या गाठीत विषाणू होता अशा हॉजकिन रुग्णांचे आयुर्मान अधिक चांगले आढळले होते. मग विषाणू मित्र की शत्रू? वरवर विसंगत वाटणाऱ्या या दोन निष्कर्षांत प्रश्नच वेगळे आहेत. एक गाठीचे मूळ विचारतो. दुसरा, त्या रोगाचा भार रक्तात किती उतरला, हे विचारतो. शिवाय ज्या गाठीत विषाणूच नाही, तिच्याबाबत ही परीक्षा मौनच पाळणार.

आणि ही खूण म्हणजे ललाटरेषा नव्हे. तिच्यावरून वैद्य अधिक सावध होतो, रुग्णावर अधिक बारकाईने लक्ष ठेवतो. पण केवळ तिच्या आधारे निर्णय देत नाही. रोगाचे निदान आजही गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीनेच होते.

दिग्गीसारख्या गावातून पाहिले की या साऱ्याचा खरा अर्थ ध्यानी येतो. मानेवरची गाठ ही गंडमाळच, असे समजून आपल्याकडे कित्येकदा महिनोन्‌महिने क्षयावरचे औषध दिले जाते. क्षय असेल तर ते योग्यच. पण तपासणीविना दिले, तर लिम्फोमा आत वाढत राहतो. पावसाळ्यात रानवाटा तुडवून शहर गाठणाऱ्या कुटुंबाला रक्तातील डीएनएचे सूक्ष्म मापन फार पुढचे, त्याला आधी हवा तो एक साधा प्रश्न विचारण्याचा धीर: “डॉक्टर, या गाठीचा तुकडा तपासला का?”

हा प्रश्न ज्या पुस्तकातून गावापर्यंत पोहोचेल, ते ग्रंथालयाच्या कपाटात असावे. शंभर वर्षे ज्ञानाची पाणपोई चालविणाऱ्या संस्थेचे पुढील शतकातील कार्य याहून वेगळे ते काय असणार?