परमुलखातले आजारपण



शाळेत मी सातवीपर्यंतच गेलो. पुढचे शिक्षण कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका. पोटासाठी मुलूख सोडणे आपल्या धाराशिव जिल्ह्याला नवे नाही. कोणी ऊसतोडीला जातो, कोणी पुण्याला, कोणी थेट आखातात. आखातात निघालेल्या मुलाचा बाप मला विचारतो, “अण्णा, विमा कोणता घ्यावा? दवाखान्यात भरती झाल्यावरचा, की रोजच्या तपासणीचा नि गोळ्या-औषधांचाही?” दुसऱ्याचा हप्ता जड, म्हणून हा प्रश्न.

आमच्या ओळखीचा एक गवंडी असाच गेला. विमा भरतीपुरता. एके दिवशी पायात खिळा घुसला. डॉक्टरची फी पदरची, आणि घरी पैसे धाडायचे. म्हणून “आज जाऊ, उद्या जाऊ” करीत राहिला. अंगात साखरेचा आजार होताच. आठव्या दिवशी भरती करावे लागले. बिल विम्याने चुकते केले. पण दोन बोटे गेली आणि नोकरीही गेली. थोडक्यात भागले असते तेव्हा विमा नव्हता. विमा आला तेव्हा उशीर झाला होता.

मग भरतीचा विमा वाईट का? मुळीच नाही. धडधाकट माणसाला एकच झेपत असेल, तर तोच घ्यावा. तापाचा खर्च पगारातून निघतो, शस्त्रक्रियेचा खर्च जमीन विकून. मात्र साखर, रक्तदाब, दमा असेल, तर बाह्यरुग्ण तपासणीचा विमाही हवाच; आणि जुना आजार त्यात धरला आहे का, बिलातला आपला वाटा किती, हे सहीपूर्वी विचारावे.

पण त्याही आधीचा प्रश्न निराळा आहे: हा खर्च आपला की मालकाचा? दुबईत २०१३ च्या कायद्याने कामगाराचा आरोग्यविमा काढणे मालकावर बंधनकारक झाले, आणि तिथल्या किमान विम्यात बाह्यरुग्ण उपचारही येतात. आपल्या सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना २००३ साली आली. २०१७ च्या सुधारित योजनेत अपघाती मृत्यूला १० लाख रुपये, तर दवाखान्यातल्या उपचाराला १ लाखापर्यंतच तरतूद होती. म्हणजे रोजच्या औषधाला तिचा आधार धरू नये. म्हणून करारनामा आधी जाणकाराकडून वाचून घ्या. जे हक्काने मिळते ते विकत घेऊ नका.

आपल्याकडे १९५२ साली कानपूर व दिल्लीत कामगार राज्य विमा योजना सुरू झाली. तिने तपासणी, औषध, भरती आणि आजारपणातली भरपाई एकत्र बांधली. कारण रोग बाह्यरुग्ण आणि आंतररुग्ण अशी वाटणी करून येत नाही.

ज्यांना हे मिळत नाही, त्यांनी एका खोलीतल्या सोबत्यांनी दरमहा थोडे थोडे टाकून औषधाची भिशी करावी. आणि जाणाऱ्या मुलाला आईबापांनी एवढेच बजावावे: “पैसे आठवडाभर उशिरा आले तरी चालतील, दुखणे अंगावर काढू नकोस.”